लंडन: सेंट पँक्रसच्या जुन्या रेल्वे हॉटेलात आई-बाबांना राहायला न्यावं का?

भुसावळची_लेक

नमस्कार मंडळी,

मी लेस्टरला असते. सप्टेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येताहेत. बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी भुसावळ विभागात गेली. रात्री-अपरात्री गाडी पोचवायची, रनिंग रूमच्या खाटेवर पाठ टेकायची आणि कॉल आला की पुन्हा डबा-बत्ती उचलून निघायचं, असं आयुष्य. निवृत्त झाले तरी घड्याळाकडे न बघता बाहेरच्या भोंग्यावरून कोणती गाडी गेली ते सांगतात.

लेस्टरला यायच्या आधी दोन रात्री लंडनमध्ये थांबायचं ठरतंय. लेस्टरची गाडी सेंट पँक्रसहूनच सुटते आणि त्या स्टेशनाला लागूनच ते लाल विटांचं, मनोरे असलेलं जुनं रेल्वे हॉटेल आहे. येता-जाता दर वेळी मी मान वर करून बघते. ज्या माणसानं जन्मभर रेल्वेची सेवा केली, त्याला एकदा तरी रेल्वेच्या राजेशाही हॉटेलात झोपवावं असं मनात आहे. आई-बाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवसही त्याच आठवड्यात येतोय.

पण दर बघून छाती दडपली. कुणी राहिलंय का तिथे? आत खरंच जुनेपण शिल्लक आहे, की बाहेरून राजवाडा आणि आत कुठल्याही मोठ्या हॉटेलासारख्या खोल्या? आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. हीथ्रोहून सामानासकट तिथे कसं पोचावं तेही सांगा.

हिशेबी

ताई, भावना कळली, पण मी नाही म्हणेन. वयस्कर माणसं लांबच्या विमानप्रवासानंतर पहिल्या रात्री झोपणार आणि दुसऱ्या दिवशी फिरायला बाहेर पडणार. खोलीत जागेपणी किती तास जातील त्याचा हिशेब करा. युस्टन रोडवरच, स्टेशनापासून दोन मिनिटांवर प्रीमियर इन आहे. खोली स्वच्छ, पलंग मऊ, लिफ्ट आहे. तिथे राहा आणि संध्याकाळी त्या हॉटेलात चहाला जा. इमारतही बघून होईल आणि उरलेल्या पैशांत एडिनबरा होईल.

कॅम्डेनवासी

हिशेबी यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. ते निम्मं कोणतं, ते आधी सांगतो, कारण सगळा निर्णय त्यावरच आहे.

या हॉटेलात दोन वेगळ्या प्रकारच्या खोल्या आहेत. रस्त्यावरून दिसते ती मूळ इमारत म्हणजे 'चेंबर्स'. तिच्यात जेमतेम 38 खोल्या आहेत. एकूण खोल्या 245. म्हणजे उरलेल्या दोनशेच्या वर खोल्या मागच्या बाजूला, मिडलंड रोडला लागून बांधलेल्या 'बार्लो' नावाच्या नव्या भागात आहेत. तो भाग नीटनेटका आहे, विटाही जुन्याला शोभतील अशाच लावल्यात, पण आत गेल्यावर तुम्ही लंडनमध्ये आहात की बंगळुरात ते कळणार नाही. साध्या दरात मिळते ती खोली बार्लोमधली. ती घ्यायची असेल तर हिशेबी यांचं ऐका आणि प्रीमियर इनला जा. राहायचंच असेल तर चेंबर्समध्ये. अधलंमधलं काही नाही.

चेंबर्समध्ये का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण या इमारतीवर माझा जीव आहे.

मिडलंड रेल्वे ही मूळची डर्बीची कंपनी. म्हणजे तुमच्या लेस्टरकडचीच. तिला लंडनमध्ये स्वतःचं स्टेशन नव्हतं, दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून भाडं भरून यावं लागायचं. शेवटी 1868 साली तिनं सेंट पँक्रस उघडलं. शेजारीच किंग्ज क्रॉस आणि दहा मिनिटांवर युस्टन, दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची. त्यामुळे हॉटेल बांधायचं ते असं की दोन्हीकडच्या प्रवाशांनी बघत राहावं. 1865 ला स्पर्धा ठेवली आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा निवडला. तो आलेल्या आराखड्यांत सगळ्यांत महागडा होता. 1873 च्या मे महिन्यात 'मिडलंड ग्रँड हॉटेल' उघडलं आणि पश्चिमेकडचा भाग पूर्ण व्हायला 1876 उजाडलं. विटा नॉटिंगहॅमहून, कंपनीच्याच रेल्वेनं आलेल्या. थोडक्यात, ती इमारत म्हणजे मिडलंड भागानं राजधानीत लावलेली स्वतःची जाहिरात आहे.

आता जिना. हॉटेलात उतरलेल्यांना तो बघता येतो आणि तो बघण्यासाठी मी कुणालाही तिथे नेईन. खालून एक पायरीमार्ग सुरू होतो, पुढे त्याचे दोन फाटे होतात आणि ते भिंतीला धरून वर वर जातात. मधे एकही खांब नाही. पायऱ्यांच्या खाली वाकून बघितलं की लोखंडी तुळया उघड्या दिसतात. स्कॉटनं त्या लपवल्या नाहीत, उलट नक्षी करून, रंगवून दाखवल्यात. भिंती गडद लाल आणि त्यावर सोनेरी फुलं. अगदी वर निळ्या छतावर सोनेरी तारे. बाबांना खालून तुळया बघू द्या. रेल्वेतला माणूस ताऱ्यांच्या आधी तुळयाच बघेल.

दुसरी जागा म्हणजे बुकिंग ऑफिस. पूर्वी खरंच तिकीटघर होतं, आता बार आणि उपाहारगृह आहे. लाकडी तावदानांची भिंत अजून तशीच आहे. तिथे बसल्यावर वर बघायचं. कमानींच्या खालच्या दगडी टेकूंवर रेल्वेचे कर्मचारी कोरलेत. देवळाच्या भिंतीवर यक्ष-गंधर्व असावेत तशा मानानं खात्यातली माणसं बसवलीत. मला तरी दुसऱ्या कुठल्या हॉटेलात असं दिसलेलं नाही.

चेंबर्समधल्या काही खोल्या युस्टन रोडकडे उघडतात आणि काही मागे स्टेशनाच्या छताकडे. बाबांसाठी मागचीच मागा. खिडकीतून बार्लोचं छत दिसतं. विल्यम बार्लो हा मिडलंडचा इंजिनिअर. त्यानं मधे एकही खांब न घेता 73 मीटर रुंदीची लोखंडी कमान टाकली. बांधली तेव्हा एका कमानीत एवढी जागा झाकणारं जगात दुसरं काही नव्हतं. त्या छताखाली आता पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टार उभ्या असतात. खिडकी जाड काचेची आहे, त्यामुळे आवाजाचा त्रास म्हणावा असा नाही.

आईच्या गुडघ्यांसाठी: लिफ्ट आहेत, त्यामुळे जिना चढायची गरज नाही. टॅक्सी थेट दारापर्यंत चढून येते. मात्र जुन्या इमारतीतले पॅसेज लांबलचक आहेत. लिफ्टजवळची खोली द्या असं बुकिंग करतानाच लिहून ठेवा.

गवाक्ष

कॅम्डेनवासींनी स्कॉटचं नाव काढलंच आहे तर मुंबईकडचा धागा जोडतो. मी आर्किटेक्ट आहे, फोर्टात काम करतो, त्यामुळे ही माझी रोजची वाट.

ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर आणि त्याशेजारचा विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, दोन्ही याच गिल्बर्ट स्कॉटचे. दोन्हींचं काम 1869 ला सुरू झालं. सभागृह 1874 ला आणि टॉवर 1878 ला पुरा झाला. म्हणजे लंडनमध्ये हे हॉटेल चढत होतं तेव्हाच त्याच माणसाच्या कागदांवरून मुंबईत ओव्हलसमोर भिंती उभ्या राहत होत्या. स्कॉट मुंबईला कधी आला नाही. लंडनहून आराखडे पाठवले. टॉवरसाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंदांनी आणि नाव दिलं आपल्या आईचं.

ताई, बाबांना व्हीटीची आठवण होणारच आणि ती रास्त आहे. व्हीटीचे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नकाशे करण्यापूर्वी युरोपातली स्टेशनं बघून आले होते आणि सेंट पँक्रसची छाप त्यांच्या कामावर दिसते. काम 1878 ला सुरू झालं, म्हणजे हे हॉटेल उभं राहिल्यावर लगेचच. फरक असा की व्हीटी हे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं मुख्यालय म्हणून बांधलं. तिथल्या दगडी जिन्यावरून साहेब कचेरीत जात. इथला जिना प्रवाशांसाठी होता. व्हीटीला मधोमध घुमट आणि दोन्ही बाजूंना सारख्या पाखा, तर इथे सगळं एका बाजूला झुकलेलं, एका टोकाला घड्याळाचा मनोरा आणि दर्शनी भाग रस्त्याबरोबर वळत गेलेला. बाबांना दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून दाखवा. ते तासभर बोलतील.

आणखी एक. लंडनची ती लाल टेलिफोनची खोकी ज्यानं केली, तो जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या स्कॉटचा नातू.

भुसावळची_लेक

किती सुंदर लिहिलंत सगळ्यांनी! गवाक्ष, राजाबाई टॉवरचं मला खरंच माहीत नव्हतं.

कॅम्डेनवासी दादा, एक विचारायचंय. मधे हे हॉटेल बंद होतं ना? इथे ऑफिसात कुणीतरी म्हणालं की पाडणारच होते. आणि जुन्या खोल्या म्हणजे बाथरूमची बोंब तर नाही? आईला रात्री दोनदा उठावं लागतं.

कॅम्डेनवासी

बाथरूम आता खोलीतच आहे, मोठं आणि आधुनिक. काळजी नको. पण तुम्ही नेमकं तेच विचारलंत ज्यापायी हे हॉटेल बुडालं होतं.

सुरुवातीला यात 300 खोल्या होत्या आणि न्हाणीघरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ते चाललं, कारण गरम पाण्याची भांडी आणि कोळशाच्या बादल्या घेऊन नोकर जिने चढत. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टही होत्या, त्या काळी नवलाच्या. पुढे नव्या हॉटेलांमध्ये खोलीला जोडून बाथरूम आलं. इथे आगीच्या भीतीनं मजले इतके भक्कम करून ठेवले होते की त्यातून नळ आणि सांडपाण्याचे पाइप नेणं फार खर्चिक झालं. नोकरांवरचा खर्चही परवडेना. 1935 ला हॉटेल बंद झालं आणि रेल्वेनं तिथे कचेऱ्या थाटल्या. त्या भिंतींवर नुसता सपाट रंग फासला गेला आणि जिन्यावरून फायली वाहिल्या गेल्या.

साठच्या दशकात ब्रिटिश रेल्वेला सेंट पँक्रस नकोसं झालं. युस्टनची प्रसिद्ध दगडी कमान नुकतीच पाडली होती आणि त्याची हळहळ लोकांच्या मनात ताजी होती. कवी जॉन बेट्जेमन, इतिहासकार निकोलस पेव्हस्नर आणि जुन्या इमारती जपण्यासाठी झटणारी व्हिक्टोरियन सोसायटी यांनी आवाज उठवला आणि 1967 ला इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. बेट्जेमन यांचा पुतळा स्टेशनात वरच्या मजल्यावर आहे. टोपी धरून वर छताकडे बघणारा. तिथे थांबून बाबांना सांगा की हे छत या माणसानं वाचवलं.

संरक्षण मिळालं तरी पैसे कुठून यायचे? ऐंशीच्या दशकात कचेऱ्याही गेल्या आणि इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. 2007 च्या नोव्हेंबरात युरोस्टार इथे आली आणि मग हॉटेलाचं गणित जमलं. 5 मे 2011 ला ते पुन्हा औपचारिकपणे उघडलं. 1873 ला उघडलं तीही तारीख 5 मेच. वरच्या मजल्यांवर आता खासगी घरं आहेत.

बाबांसाठी घड्याळाची गोष्ट राखून ठेवली होती, ती सांगतो. स्टेशनाच्या छताखाली टोकाला मोठं घड्याळ आहे. मूळचं घड्याळ सत्तरच्या दशकात एका परदेशी संग्राहकाला विकायचं ठरलं होतं. उतरवताना ते खाली पडलं आणि चक्काचूर झालं. निवृत्तीला आलेल्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानं ते तुकडे 25 पौंडांना विकत घेतले, गाडीनं नॉटिंगहॅमशरला घरी नेले, एकेक तुकडा जुळवला आणि आवारातल्या कोठाराच्या भिंतीवर घड्याळ चालू केलं. पुढे स्टेशनाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा नवीन घड्याळ करायला त्याच्या त्या जुळवलेल्या घड्याळाचाच आधार घेतला गेला.

निळी_शाई

बुकिंगबद्दल कळकळीनं लिहिते, कारण आमची निराशा झाली होती. एका बुकिंग साइटवरून आम्ही खोली घेतली. पानावर सगळे फोटो जिन्याचे आणि उंच छताच्या खोल्यांचे, खाली बारीक अक्षरांत खोलीचा प्रकार. पोचल्यावर मिळाली ती नव्या भागातली, आणि बदलून घ्यायला गेलो तर जुन्या भागात एकही शिल्लक नव्हती. हॉटेलातल्या मुलीनं आपणहून आम्हाला जिना दाखवून आणला, वागणूक अतिशय चांगली. पण साइटनं फोटो एकाचे आणि खोली दुसरी असं करायला नको होतं.

त्यामुळे खोलीच्या नावात 'चेंबर्स' हा शब्द असेल तरच पैसे भरा. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि नंतर मेल टाकून खात्री करा. लग्नाचा वाढदिवस आणि वडील निवृत्त रेल्वे गार्ड हे दोन्ही मेलमध्ये लिहा. इथल्या लोकांना अशा गोष्टींचं खरंच अप्रूप असतं. स्टेशनाकडची खिडकी आणि लिफ्टजवळची खोली या दोन मागण्याही त्यातच. हॉटेल मॅरियट समूहात आहे, घरात कुणाकडे त्यांचे पॉइंट साठलेले असतील तर विचारून बघा. जुन्या लेखांत 'सेंट पँक्रस रेनेसाँ' हे नाव दिसेल, ते हेच.

दर तारखेप्रमाणे बराच वरखाली होतो. रविवारची रात्र बघा, बहुतेक वेळा उतरलेली असते. लवकर बघायला लागा, 38 खोल्या संपायला वेळ लागत नाही.

पोळीभाजी_लंडन

आईंच्या जेवणाची अजिबात चिंता नको. हॉटेलातून निघून युस्टन रोडनं पंधराएक मिनिटं चाललं, की युस्टन स्टेशनाच्या मागे ड्रमंड स्ट्रीट लागतो. लंडनमधली जुनी शाकाहारी भारतीय हॉटेलं तिथे आहेत. दिवाणा भेळपुरी हाउस फार जुनं, भेळ, डोसा, थाळी सगळं मिळतं. ना पांढरे मेजपोश, ना लगबग. आईंना तिथे घरच्यासारखं वाटेल. चालायचं नसेल तर टॅक्सीला पाच मिनिटं.

दुसरं म्हणजे किंग्ज क्रॉसच्या मागचं डिशूम. मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवरचं. ही शाखा जुन्या रेल्वे मालगोदामात आहे आणि आत मुंबईच्या गोदामाचं रूप दिलंय. बाबांना मालगाडीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. पावभाजी आणि काळी डाळ चांगली असते, चहा आपल्यासारखा. संध्याकाळी रांग असते, सकाळी न्याहारीला गेलात तर निवांत.

हॉटेलातल्या दुपारच्या चहाला, म्हणजे सँडविच-केकच्या त्या तीनमजली ताटाला जाणार असाल तर शाकाहारी हवं हे आरक्षण करतानाच सांगा. अंडंही नको असेल तर ते वेगळं सांगा, केकमध्ये असतंच. बिलात बहुतेक ठिकाणी सेवाशुल्क लावून येतं, त्यावर आणखी टिप ठेवायची गरज नाही.

उपवासाचा दिवस येत असेल तर साबुदाण्याचे पापड आणि राजगिऱ्याचे लाडू सामानात. बाकी लेस्टरला पोचल्यावर भारतीय दुकानांचा बेलग्रेव्ह रोड आहेच, तुम्हाला मी काय सांगणार!

मध्यममार्गी

जवळपास काय बघायचं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ब्रिटिश लायब्ररी अगदी शेजारी, मधे फक्त एक रस्ता. तिथलं दुर्मिळ ग्रंथांचं दालन फुकट आहे, बसायला भरपूर जागा, स्वच्छतागृहं चांगली. वयस्कर मंडळींसाठी उत्तम. तिच्या अंगणातून हॉटेलाचा जो फोटो येतो तो रस्त्यावरून येत नाही.

आणि '10, किंग हेन्रीज रोड' हे घर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारनं 2015 ला ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. हॉटेलापासून टॅक्सीनं फार लांब नाही, प्रिमरोज हिलच्या बाजूला. उघडं असल्याची वेळ आधी बघून जा. लंडनचं जुन्या पद्धतीचं उभं घर आहे, आत जिने आहेत, आईंना खालच्या मजल्यावर बसवा. आमच्या घरची मंडळी बिग बेनपाशी पाच मिनिटं थांबली आणि बाबासाहेबांच्या या घरातून मात्र हलायला तयार नव्हती.

चेंबर्स मिळालं नाही तर दुसरे पर्याय: किंग्ज क्रॉसला लागून ग्रेट नॉर्दर्न हॉटेल आहे, 1854 चं, लुईस क्युबिटनं बांधलेलं, म्हणजे तुमच्या मिडलंड ग्रँडपेक्षा जुनं. लहान आहे, वळणदार आहे आणि सगळं मूळ इमारतीतच असल्यामुळे नवा-जुना भाग असा घोळ नाही. पॅडिंग्टनला ग्रेट वेस्टर्नचं जुनं हॉटेल आता हिल्टनकडे आहे, तेही 1854 चं, आणि हीथ्रोहून थेट गाडी तिथेच येते. तिथून जवळ हाउली प्लेसवर लोकमान्य टिळक राहिले त्या घरावर पाटी आहे. पण तुम्हाला लेस्टरची गाडी धरायची आहे, म्हणून माझं मत सेंट पँक्रसलाच.

आणि हिशेबी म्हणतात तसं एडिनबराला गेलातच तर वेव्हर्ली स्टेशनावरचं बॅल्मोरल बघा, 1902 चं रेल्वे हॉटेल. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून. गार्डसाहेबांना हे पटेल.

हिशेबी

सगळं वाचलं. चेंबर्स आणि बार्लो हा फरक मला माहीत नव्हता, तो महत्त्वाचा आहे. तरी हिशेब सोडत नाही, मधला मार्ग सुचवतो.

दोन रात्री दोन ठिकाणी काढा. विमानातून उतरल्यावरची पहिली रात्र प्रीमियर इनला. त्या रात्री राजवाड्यात झोपवलं तरी डोळे मिटलेलेच असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान रस्ता ओलांडून हॉटेलात नेऊन ठेवा. खोली दुपारीच मिळेल, पण उतरणाऱ्यांचं सामान आधी ठेवून घेतात. तोवर लायब्ररी करा, जेवण करा. दुपारी खोली ताब्यात आली की त्या दिवशी कुठेही जायचं नाही. हॉटेल हेच त्या दिवसाचं प्रेक्षणीय स्थळ. चहा, जिना, घड्याळ, खिडकीतल्या गाड्या. सकाळी न्याहारी करून लेस्टरची गाडी. एका रात्रीचेच पैसे जातील आणि त्या रात्रीचा तासन्‌तास वसूल होईल.

कॅम्डेनवासी

हिशेबी, हे फार चांगलं सुचवलंत. याच्याशी शंभर टक्के सहमत. या हॉटेलात रात्री झोपायला जायचं नसतं, दुपारपासून राहायला जायचं असतं.

त्यात एक भर. संध्याकाळी उजेड उतरताना बाबांना समोरच्या पदपथावर आणा. आर्गाइल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, स्टँडर्ड हॉटेलाच्या खाली. तिथून पूर्ण दर्शनी भाग एका नजरेत येतो. मग पुन्हा आत जाताना त्यांना कळेल की आपण त्या मनोऱ्यांच्या नेमकं कुठे राहतोय.

हीथ्रोहून यायला भुयारी रेल्वेची पिकॅडली लाइन घ्या. तासभर लागतो, पण गाडी बदलावी लागत नाही आणि गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे बसायला हमखास जागा मिळते. किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला उतरल्यावर रस्त्यापर्यंत लिफ्ट आहेत, पाट्या बघत चला, एक पायरी चढावी लागणार नाही. तीन-चार मोठ्या बॅगा असतील तर मात्र टॅक्सीच करा.

भुसावळची_लेक

ठरलं! हिशेबी दादा, तुमचाच बेत. पहिली रात्र प्रीमियर इन आणि दुसरी चेंबर्स. निळीशाई ताई म्हणाल्या तसं रविवारची रात्र धरली, दर खरंच खाली आहे. हॉटेलला मेल टाकला होता, उत्तरही आलं. स्टेशनाकडची खोली देण्याचा प्रयत्न करू म्हणाले आणि वडील कोणत्या रेल्वेत होते ते विचारलंय.

बाबांना अजून काही सांगितलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, पैसे किती ते मात्र त्यांना सांगू नकोस, आयुष्यभर ऐकावं लागेल. वाढदिवसाच्या भेटीला वेगळं काही घेऊ नको म्हणाली, हेच पुष्कळ.

शेवटची शंका. हॉटेलातून लेस्टरच्या गाडीपर्यंत आईला किती चालावं लागेल? मी एरवी धावत सुटते, त्यामुळे अंतर कधी लक्षातच आलं नाही.

लेस्टरचा_शेजारी

मी याच मार्गावर नेहमी असतो, म्हणून सांगतो. बरंच चालावं लागतं. हॉटेल स्टेशनाच्या दक्षिण टोकाला आणि लेस्टरच्या गाड्या एक ते चार नंबरच्या फलाटांवर, म्हणजे जुन्या छताच्या पलीकडे, उत्तरेच्या टोकाला. शिवाय ते फलाट वरच्या पातळीवर आहेत. सरकता जिना आहे, लिफ्टही आहे.

रेल्वेची 'पॅसेंजर असिस्ट' म्हणून मोफत सेवा आहे. ॲपवर किंवा फोनवर आधी नोंद करायची. माणूस येऊन आईंना व्हीलचेअरवरून गाडीच्या दारापर्यंत नेतो आणि लेस्टरला उतरवायलाही दुसरा उभा असतो. दुखत असो वा नसो, नोंद करून ठेवा. गाडीच्या निदान वीस मिनिटं आधी पोचा, फलाट क्रमांक पाटीवर उशिरा लागतो.

तिकिटं आगाऊ काढलीत तर बरीच स्वस्त पडतात. तिघांचं एकत्र काढत असाल तर आई-बाबांसाठी 'टू टुगेदर' रेलकार्डाचा हिशेब करून बघा. मात्र त्याची सूट सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी लागू होत नाही. तुम्ही सोमवारी सकाळी निघणार, तेव्हा साडेनऊनंतरची गाडी धरा. न्याहारीही निवांत होईल.